आग्रहाला मनाई

मराठी माणसाला बोलतं कसं करायचं, हा प्रश्न उर्वीला कधी पडलाच नव्हता. त्याला थांबवायचं कसं, हा खरा प्रश्न. त्यामुळे विभागप्रमुखांनी जेव्हा शंका काढली, की तुमच्या या नव्या कोर्समध्ये बोलायला ज्येष्ठ मंडळी खरंच तयार होतील ना, तेव्हा ती चक्क हसली. माणसांची काळजी तुम्ही करूच नका, असं म्हणाली. असं कधी म्हणू नये. पण म्हणून बसली.

कोर्स मानवी हक्कांचा होता. उर्वी पुण्याची, उपासना नागपूरची. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी आणि दोघींची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. हक्क नुसते पुस्तकातून शिकवण्यापेक्षा, ज्यांना ते कधी ना कधी नाकारले गेले अशी गावातली माणसंच वर्गात बोलवावीत आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर बसून धडे तयार करावेत, ही कल्पना दोघींची. माणसं आणायची उर्वीने आणि नियम लिहायचे उपासनेने, अशी वाटणी झाली. आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी संमती दिली तर कोर्स पुढच्या वर्षी चालणार, आणि कोर्स चालला तरच दोघींचे करार वाढणार. नाहीतर उन्हाळ्यात सामान बांधायला लागायचं.

उपासनेने नियम लिहिले ते बिनतोड. संमती बाहेरच्या माणसाने विचारायची. एकदाच विचारायची. कुणी नाही म्हटलं तर ते नाहीच धरायचं, कारण दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दडपण आणणं. आणि त्या वेळात दोघी शिक्षिकांनी भाषांतराखेरीज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. उर्वीने हे सगळं नीट वाचलं होतं. वाचून वर 'क्या बात है यार' असंही म्हणाली होती. त्यात काय वाढून ठेवलंय ते तिला अजिबात दिसलं नाही.

माणसं जमवली नरेंद्रकाकांनी. काका निवृत्त इंजिनिअर आणि तिथल्या मराठी मंडळाचे अनेक वर्षांचे अध्यक्ष. विद्यार्थी म्हणून आले त्या हिवाळ्यात फोनवर 'रिकामी आहे' म्हणणारी खोली त्यांचा चेहरा दिसताच भरलेली निघायची, अशी दारं त्यांनी गावभर हिंडून पाहिली होती. ही गोष्ट त्यांनी आठवडाभर घरात म्हणून बघितली होती. त्यांच्या पत्नीला, वसुधाकाकूंना, ती आता झोपेतही म्हणता आली असती. बर्फातून, जाडजूड कोट घालून सगळी मंडळी वेळेआधी हजर झाली. मंजुषामावशी म्हणजे निवृत्त डॉक्टर, त्याही आल्या. उपासनेची आई, कांतामावशी, नागपुरात मुख्याध्यापिका होत्या. त्या काही महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

विद्यापीठाच्या नीतिसमितीतून डॉक्टर ब्रेनन आल्या होत्या. बाई शांत, हसतमुख आणि नियमाला पक्क्या. विभागप्रमुख मागच्या बाकावर. ब्रेननबाईंनी मान नरेंद्रकाकांकडे वळवली आणि अदबीने विचारलं, की या कोर्समध्ये आपला अनुभव सांगायला तुम्हाला आवडेल का?

काका खुर्चीत सावरून बसले. मग दोन्ही हात हलवत इंग्रजीत म्हणाले, "नाही, नाही. माझं काय एवढं विशेष? बाकीच्यांना बोलू द्या."

"समजलं. धन्यवाद," असं म्हणून ब्रेननबाई पुढच्या खुर्चीकडे वळल्या.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी उर्वीकडे पाहिलं. उर्वीला एका क्षणात सगळं कळलं. पहिल्या नाहीला आपल्याकडे काही अर्थच नसतो! ती नुसती सभ्यता. ताटावर आडवा हात धरायचा असतो तो वाढणाऱ्याने 'अहो, असं कसं' म्हणावं म्हणून. आत्ता कुणी नुसतं 'काका, असं काय करता' एवढं म्हटलं असतं, तर काका अंधार पडेपर्यंत बोलले असते. पण ते एवढंसं म्हणायलाच बंदी होती.

वसुधाकाकूंची पाळी आली. नवरा नाही म्हणालेला, आपण एकदम हो कसं म्हणायचं? मला कुठलं एवढं चांगलं बोलता येतंय, असं त्या लाजून म्हणाल्या. समजलं, धन्यवाद. त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, इथे माझ्यापेक्षा मोठी माणसं बसली आहेत. समजलं, धन्यवाद. नकार एकामागून एक येत राहिले.  उर्वी खोकली, तर ब्रेननबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिने उपासनेकडे पाहिलं, तर उपासनेचा चेहरा पडलेला. तिला ते सगळे नकार खरेच वाटत होते.

मंजुषामावशींनी तर चक्क मराठीत सुरू केलं. "अगं उर्वी, तू तरी म्हण की. आम्ही काय आपले आपण पुढे पुढे करायचं?"

उर्वीने ओठ घट्ट मिटून घेतले. मावशींना ते भलतंच लागलं. 'मग नाही,' असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. तेवढ्यात काकांनी ब्रेननबाईंना सुचवून पाहिलं, की समजा, बाकीच्यांनी आग्रह केलाच, तर आपण विचार करू. बाईंनी हात छातीवर ठेवला. इथे तुम्हाला कुणीही आग्रह करणार नाही, असा मी शब्द देते, असं त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. काकांना इतका वाईट शब्द आजवर कुणी दिला नव्हता.

आता खुर्च्यांत कुजबुज सुरू झाली. आपली गरजच नव्हती तर एवढ्या बर्फातून बोलावलं कशाला, असं कुणी म्हणालं. वसुधाकाकू कोटाची बटणं लावायला लागल्या. नरेंद्रकाका उर्वीकडे न बघता म्हणाले, "आमचं ऐकायचंच नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं होतं पोरी." उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. कोर्स गेला, नोकरी गेली आणि आता माणसंही चालली होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की काका, मला ऐकायचंय, सगळं ऐकायचंय. पण तिने ते म्हटलं असतं तर कुणी यापुढे हो म्हटलं तरी ते बाद झालं असतं.

राहिल्या होत्या फक्त कांतामावशी. ब्रेननबाईंनी त्यांना तोच प्रश्न विचारला. उपासनेने तो मराठीत सांगण्याआधीच मावशी म्हणाल्या, "यस. मला आवडेल."

सगळे वळून बघायला लागले. मावशी हसल्या आणि मराठीत बोलू लागल्या. "आमच्या घरच्या लग्नात आम्हीही पोट फुटेस्तोवर आग्रह करतो. पण एकदा शाळेतल्या एका बाईंच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. पंगतीत जिलबीचा आग्रह चाललेला, नुसती धमाल. पंगतीत बसताना माझं आडनाव विचारून झालं होतं. वाढणारे माझ्यापाशी आले, वाढू का विचारलं, मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. ते पुढे गेले. पुढच्या ताटापाशी परत आग्रह सुरू. मला फार आवडते हो जिलबी. त्या दिवसापासून मी पहिल्या विचारण्यालाच हो म्हणते. आपल्याला दुसऱ्यांदा विचारतीलच, असं धरून चालत नाही मी."

 वसुधाकाकूंचा हात वरच्या बटणावर तसाच राहिला. उर्वीला स्वतःची लाज वाटली. जन्मभर आग्रहाच्या गादीवर बसलो आणि ती गादी आहे हेसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तिला वाटलं. उपासनेने आईचं बोलणं ब्रेननबाईंना हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. बाईंनी नियमांचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, की कुणाला आपलं उत्तर आपणहून बदलायचं असेल तर त्याला पूर्ण मुभा आहे. मात्र मी विचारणार नाही.

आपणहून! नरेंद्रकाका लालबुंद झाले. भर पंगतीत स्वतःच्या तोंडाने जिलबी मागायची वेळ आली होती. ते रुमालाशी खेळले, छताकडे बघितलं, घसा खाकरला. अखेर शाळेतल्या मुलासारखा हात वर करून म्हणाले, "मला बोलायचंय. मला पहिल्यापासूनच बोलायचं होतं." पाठोपाठ वसुधाकाकूंनी हात वर केला. मग मंजुषामावशींनी. मग कुणाचा हात खाली राहिलाच नाही.

कोर्स पास झाला. करारही वाढले. उर्वी आणि उपासना एकमेकींच्या गळ्यात पडल्या. विभागप्रमुख पुढे आले आणि दोघींचं तोंडभर कौतुक करून उर्वीला म्हणाले, की या कार्यक्रमाला आता एक डायरेक्टर लागेल. माणसं तू आणलीस. तुला आवडेल का?

उर्वीचा आनंद गगनात मावेना. दोन्ही हात हलवत ती म्हणाली, "नाही, नाही. मी कुठे एवढं काय केलं?"

"समजलं," असं म्हणत ते उपासनेकडे वळले.

"हो," उपासना म्हणाली.

उर्वीचे दोन्ही हात अजून हवेतच होते. नरेंद्रकाका कोट चढवत तिच्या शेजारी येऊन थांबले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "एकदा तरी परत विचारायला हवं होतं गं त्याने, नाही का?"