एकदाही मागे न घेता

गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, जोडून मी एकटाच निघालो तेव्हा एक गोष्ट पक्की ठरवली होती. ईडन गावापासून वरचा सगळा किनारा फिरायचा, पण कॅरॅव्हॅन एकदाही मागे घ्यायची नाही. यात अशक्य काही नाही. ज्या पेट्रोल पंपावर एकीकडून शिरून दुसरीकडून निघता येतं, तिथेच थांबायचं. मुक्कामाच्या कॅरॅव्हॅन पार्कला आधी फोन करून आरपार जाणारी जागा मागायची. दुकानासमोर नीट जागा नसेल तर पाव न घेता पुढे जायचं. या हिशेबाने मी दोन चांगली गावं बघितलीच नाहीत, आणि एका गावाला देवळासारख्या प्रदक्षिणा घातल्या. पण ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

कारण साधं होतं. कॅरॅव्हॅन मागे घ्यायची तर मागे उभं राहून हात दाखवणारं माणूस लागतं. माझं माणूस, म्हणजे माझी बायको नोएलीन, ऑगस्टमध्ये वारली. ती मागे उभी राहायची, मी आरशात तिचे हात बघायचो, आणि सुईत दोरा ओवावा तशी कॅरॅव्हॅन जागेवर जायची. एक हात वर म्हणजे ये. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे थांब. पार्कातली माणसं अशा वेळी घडीच्या खुर्च्या आणि बिअर घेऊन गंमत बघायला बसतात. आम्ही त्यांची कायम निराशा केली.

माझ्या मुलीला, केरिनला, मी एकट्याने जाणं मुळीच पसंत नव्हतं. बऱ्याच वादानंतर ती म्हणाली, "बाबा, जा. पण परत आल्यावर एक जरी नवा पोचा दिसला, तर कॅरॅव्हॅन विकायची. मग तोंड पाडून बसायचं नाही."

मी कबूल केलं. घरात मला झोप लागत नाही आणि कॅरॅव्हॅनमध्ये लागते, हे मात्र तिला सांगितलं नाही. उगाच डॉक्टरकडे नेलं असतं.

तर त्या दिवशी बर्मागुई गावात मी तळलेला मासा आणि बटाटे घेतले. समुद्राकडे तोंड करून खावेत म्हणून डावीउजवीकडे जागा बघत चाललो होतो. एक कच्चा रस्ता किनाऱ्याकडे वळलेला दिसला. वळलो. थोडं पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंची झुडपं आरशांना घासू लागली, आणि मला शंका आली की हा रस्ता कुठे निघतच नसेल. एवढ्यात आरशात एक मोठी पांढरी कॅरॅव्हॅन माझ्यामागे वळताना दिसली. तिच्यामागे आणखी एक. मग आणखी दोन. माझा जीव भांड्यात पडला. इतकी शहाणी माणसं एकाच वेळी पुढे बंद असलेल्या रस्त्याला कशी लागतील? मी वेग वाढवला.

त्यांचा हिशेब मला नंतर कळला. आमच्याकडे एखादी जुनाट, गावोगावचे स्टिकर लावलेली कॅरॅव्हॅन बेधडक आडवाटेला वळली, की समजायचं, म्हाताऱ्याला फुकट मुक्कामाची जागा ठाऊक आहे. गुपचूप मागे लागायचं. मीही हे केलेलं आहे. तेव्हा ते माझ्या भरवशावर येत होते आणि मी त्यांच्या भरवशावर जात होतो.

रस्ता होड्या उतरवायच्या एका चिंचोळ्या उतारावर संपला. पुढे समुद्र. देखावा उत्तम होता. वळायला जागा नव्हती.

आता आमच्या कॅरॅव्हॅनच्या मागे टांगलेल्या जादा चाकाच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मर्व आणि नोएलीन, चॅनल अठरा'. सगळेच लिहितात, म्हणजे मागच्याला गाडीतल्या रेडिओवर बोलता येतं. माझा रेडिओ खरखरला.

"नोएलीन, मी ग्लेनिस, तुमच्या मागेच आहे. पुढे जागा बरी आहे का गं? चहा टाकू?"

तिने पुन्हा हाक मारली. चॅनल अठरावर अर्धा किनारा ऐकत असतो. तिथे काय सांगणार? मी एवढंच म्हणालो, "ती बोलत नाहीये."

हे वाक्य मी जरा विचार करून बोलायला हवं होतं.

"काय बोललास तू तिला?" ग्लेनिसचा आवाज बदलला.

मी म्हणालो की मी काहीच बोललो नाही. त्यावर शेवटच्या कॅरॅव्हॅनमधली बाई म्हणाली की हाच तर त्रास असतो, आमचे हेही सकाळपासून काहीच बोललेले नाहीत. मग रेडिओवर माझ्या स्वभावाची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, रस्ता चुकला की पुरुष बायकोवर खापर फोडतात. एका पुरुषाने मला सल्ला दिला की चूक कुणाचीही असो, माफी मागून टाक, मासा गार होत असेल. त्याला माशाचं कसं कळलं, देव जाणे. सगळेच बर्मागुईहून आले होते म्हणा.

मी रेडिओ बंद करून खाली उतरलो, तर ग्लेनिस नारळाच्या वड्यांची बशी घेऊन, मागच्या गाड्यांतल्या दोघींना सोबत घेऊन चालत आलेली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सरळ कॅरॅव्हॅनच्या दारावर थाप मारली.

"नोएलीन, दार उघडू नकोस हवं तर, पण ऐक. माझ्या नवऱ्याने, लायलने, मला एकदा पेट्रोल पंपावर विसरून पुढचं गाव गाठलं होतं. मी त्यालाही माफ केलं. उपाशी राहू नकोस, बाई."

मी म्हणालो, "ग्लेनिस, ती आत नाहीये. ती वारली. ऑगस्टमध्ये."

तिघी थांबल्या. बाकीच्या दोघी समुद्राकडे बघू लागल्या. ग्लेनिसने बशीकडे बघितलं, मग दाराकडे.

"मग इतका वेळ मी कुणाला समजावत होते?"

"दाराला," मी म्हणालो.

तिने बशी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "आणि तुला मागे कोण घेणार?"

मी समुद्राकडे बोट दाखवून म्हणालो की ओहोटीची वाट बघतोय, वाळू उघडी पडली की वळेन. ती म्हणाली, मूर्खपणा पुरे, मी घेते.

आधी मागच्या चारही कॅरॅव्हॅन निघाल्या. प्रत्येकीच्या मागे एकेक बायको. झुडपं मोडली, दोन लग्नं मोडता मोडता राहिली, पण सगळे बाहेर पडले. मग माझी पाळी. लायलच्या हातातल्या रेडिओची बॅटरी नोएलीनला समजावण्यातच संपली होती. तेव्हा हातांवरच काम भागवायचं होतं.

ग्लेनिस मागे उभी राहिली. मी आरशात बघत हळूहळू येत होतो. छान चाललं होतं. कित्येक महिन्यांनी आरशात कुणीतरी होतं. मग तिने एक हात वर केला.

मी आलो. तिने हात आणखी ताठ केला. मी आणखी आलो. ती पाय आपटू लागली, दुसरा हातही वर गेला, पण डोक्यावर काही ठेवला नाही. मी मनात म्हणालो, बाई फार उत्साही आहे. मग जोरात आवाज झाला.

झुडपात लपलेला एक लाकडी खांब होता. त्यावर पाटी होती, 'पुढे कॅरॅव्हॅन वळायला जागा नाही'. ती आता प्रथमच रस्त्यावरून स्वच्छ दिसत होती.

लायल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "आमच्यात एक हात म्हणजे थांब. मी सांगायला हवं होतं."

"आमच्यात ये," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. वडी खाल्ली. पोचा चांगला थाळीएवढा होता.

पंधरवड्याने घरी पोचलो. कॅरॅव्हॅन अंगणात सरळ आत घातली. केरिन शनिवारी आली ती थेट कॅरॅव्हॅनकडेच गेली. मी मागोमाग. तिने एक फेरी मारली. मग दुसरी, सावकाश, वाकून, बोट फिरवत. मागच्या कोपऱ्याशी बराच वेळ उभी राहिली. मी काय बोलायचं ते गाडी चालवताना तयार ठेवलं होतं.

शेवटी ती सरळ झाली. "बाबा," ती म्हणाली, "मागे आई उभी असायची ना दर वेळी?"

"दर वेळी," मी म्हणालो.

"मग यातला नवा कोणता?"

मी नीट बघितलं. खरंच, पोच्यांची गर्दी बरीच होती. त्यातला सगळ्यात लहान, गंजलेला एक मी तिला दाखवला.