टिपणीसांचं घंगाळ

ग्रीन कार्डासाठी अर्ज केला की लग्न कचेरीत जमा करावं लागतं आणि तपासणी संपेपर्यंत ते तिथेच राहतं, हे केतकीला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून ओहायोतल्या त्या शहरात, सलीलशी लग्न होऊन जेमतेम दीड महिना झालेला असताना, ती सकाळी लवकर उठली, पोळी-भाजीचा डबा भरला आणि नवऱ्याबरोबर लग्न जमा करायला निघाली. सलील तिथला नागरिक, ती सांगलीहून शिकायला आलेली. डबा स्टीलचा होता, आईने दिलेला, झाकणावर केतकीचं नाव कोरलेला. कचेरीत बसायचं म्हणजे डबा हवाच, असं आईचं म्हणणं होतं आणि आईचं म्हणणं अमेरिकेतही लागू पडत होतं.

काउंटरवर मिसेस पॉवेल नावाच्या बाई होत्या. त्यांनी लग्न काट्यावर ठेवलं, काटा किंचित हलला न हलला.

"हळदीचा वास, थोडासा," त्या वाचून दाखवल्यासारखं म्हणाल्या. "रुसवे दोन, दोन्ही मिटलेले. उखाणा एक, दुसरी ओळ विसरलेली. भांडण?"

"अजून नाही," सलील ओशाळून म्हणाला.

"हरकत नाही. नवीन लग्नात नसतंच."

"परत कधी मिळेल?" केतकीने विचारलं.

"हे सगळेच विचारतात," मिसेस पॉवेल म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, उत्तर मात्र नव्हतं.

गाडी दुरुस्तीला टाकली की गॅरेजवाला तोवर वापरायला दुसरी देतो, तसं ही कचेरी बदली लग्न देते. भाषा शक्यतो जुळवतात. त्या दिवशी मराठीत एकच लग्न शिल्लक होतं, टिपणीस नावाच्या जोडप्याचं. त्यांच्या फायली चुकून दुसऱ्या इमारतीत गेल्या होत्या, त्यामुळे ते बरीच वर्षं पडून होतं. चांगलं जुनं, मजबूत लग्न. मिसेस पॉवेलनी त्याचं वजन नोंदवलं आणि बजावलं, "जसं नेलंत तसंच परत आणायचं. काही कमी झालेलं चालणार नाही." ते गाडीपर्यंत न्यायला दोघांनाही हात लावावा लागला.

पहिले काही दिवस केतकीला फार अवघडल्यासारखं झालं. सलीलला ती कॉलेजच्या दिवसांपासून अरे-तुरे करत आलेली, आता तोंडातून "अहो" निघायचं. थंडी पडली की तिचा उजवा गुडघा दुखायचा, वय वर्षं सत्तावीस असताना. रात्री झोपण्याआधी ती सलीलच्या नाकावरून चष्मा काढून ठेवायला हात पुढे करायची. सलीलला चष्मा नव्हता. तो नाक पुढे करायचा, ती चिमटीत काहीच नसलेलं उचलून उशाशी ठेवायची आणि मग दोघांना झोप लागायची. ती आंघोळीला गेली की तो बाथरूमबाहेर उभा राहून खाकरायचा, आणि आतून तिचं "आहे मी" ऐकल्याशिवाय हलायचा नाही. टिपणीसबाई कधीतरी न्हाणीघरात पडल्या असणार. तो धसका लग्नाबरोबरच आला होता.

आणि त्यात एक भांडण होतं. रविवारी पोहे खाऊन झाले की घंगाळ निघायचं. टिपणीसांची बदली महाडहून वाईला झाली तेव्हा बाईंच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ एसटी स्टँडवर राहिलं होतं. ते कोणी विसरलं, एवढाच प्रश्न होता.

"तुम्ही म्हणालात, तू चढ, मी घेतो," केतकी म्हणायची. ती आयुष्यात महाडला गेली नव्हती.

"ते ट्रंकेबद्दल म्हणालो," सलील बशी खाली ठेवत म्हणायचा. त्याचा जन्म क्लीव्हलंडचा. "घंगाळाचं तू बघणार होतीस."

"माझ्या आईने नाव घालून दिलं होतं त्यावर!"

"मग नाव घातलेली वस्तू माणूस जास्त सांभाळतो."

इथे केतकी बशा उचलून आत जायची आणि नळ जोरात सोडायची. थोड्या वेळाने तो चहा करून आणायचा, सायीसकट, कारण साय तिची असायची. पुढच्या रविवारी पुन्हा पोहे.

कचेरीला फोन केला की एक आवाज सांगायचा, "तुमचं लग्न आम्हाला मिळालं आहे. कृपया वाट पाहा." ते वाट पाहत राहिले. अर्ज चालू असताना देश सोडता येत नव्हता, म्हणून भावाचं लग्न केतकीने फोनच्या पडद्यावर पाहिलं. मंगलाष्टकं चालू असताना कोणीतरी तो फोन जिलब्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि उरलेला सोहळा तिला मंडपाच्या छताच्या रूपात दिसला. त्या दिवशी ती खूप रडली. सलीलने तिच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि टिपणीसांनाही सुचलं नसावं.

"अजून नाही का आलं गं तुझं लग्न परत?" आई विचारायची. "शेजारी विचारतात."

"रांग आहे, आई."

"चांगलं ठेवलंय ना त्यांनी? दमट जागेत नाही ना?"

हे मात्र केतकीलाही माहीत नव्हतं. कधीकधी तिला वाटायचं, आपलं ते दीड महिन्याचं लग्न तिथे एकटं पडून आपल्याला विसरून जाईल. कसं होतं ते, हे तिला स्वतःलाच नीट आठवेनासं झालं होतं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

तिसऱ्या वर्षी मुलाखतीचं बोलावणं आलं. साहेबांनी दोघांना समोर बसवून विचारलं, "तुमच्यात भांडण कशावरून होतं?"

"घंगाळावरून," दोघं एकदम म्हणाली, आणि साहेबांसमोरच वादाला तोंड फुटलं. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. जे लोक बदली लग्न नीट वापरतात त्यांचं स्वतःचं खरं असतं, असा त्यांचा अनुभव होता. अर्ज मंजूर झाला. आता बदली लग्न परत करायचं आणि आपलं घेऊन कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, एवढंच उरलं होतं.

इथे सलीलने चूक केली. चूक म्हणजे चांगुलपणाच. मंजुरीच्या आनंदात, रविवारी पोहे खाताना, केतकीने "तुम्ही म्हणालात" एवढं म्हणताच तो म्हणाला, "हो. मीच विसरलो. माझं चुकलं."

केतकीने बशी खाली ठेवली. मग तिचे डोळे भरून आले, तिने शिरा केला, दोघांनी हसतखेळत खाल्ला. घंगाळ मिटलं. पुढच्या रविवारी पोहे संपल्यावर दोघं बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. बोलायला काही नव्हतं. चहा झाला, पण त्यावर साय आहे की नाही हे कोणी पाहिलं नाही.

ठरल्या दिवशी दोघं जुनं लग्न आणि डबा घेऊन कचेरीत गेली. बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, सुती नऊवारीवर जाड जॅकेट. केतकीने त्यांना डब्यातली मेथीची पोळी दिली. पोळी खाता खाता ओळख निघाली. बाई म्हणजे यमुनाबाई टिपणीस. आपलं लग्न न्यायला आल्या होत्या.

"म्हणजे तुमच्याकडे होतं होय आमचं?" त्या म्हणाल्या. "त्रास नाही ना दिला त्याने?"

"नाही काकू. काका आले नाहीत?"

"ते गेले. मागच्या थंडीत." यमुनाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. "आमच्या वेळी बदली लग्न शिल्लकच नव्हतं. कचेरीवाले म्हणाले, तसेच राहा. राहिलो की मग मुलीच्या घरी, दोन पाहुण्यांसारखे. आधी तुम्ही, आधी तुम्ही करत. इतकी वर्षं एकदा भांडलो नाही. जाताना मला म्हणाले, 'आभारी आहे, टिपणीसबाई.'"

केतकीने डबा त्यांच्याजवळ सरकवला. सलील जमिनीकडे बघत होता.

नंबर पुकारला गेला. मिसेस पॉवेलनी जुनं लग्न काट्यावर ठेवलं. काटा वर गेला आणि नोंदलेल्या वजनाच्या खुणेच्या बराच अलीकडे थांबला. त्यांनी चष्मा वर केला, आत पाहिलं.

"एक भांडण कमी आहे," त्या म्हणाल्या.

"ते मिटलं," सलील म्हणाला.

"मिटवायची परवानगी नव्हती. हे असं मला परत घेता येणार नाही. आणि हे परत घेतल्याशिवाय तुमचं देता येणार नाही."

मागून यमुनाबाई पुढे आल्या. "मिटलं? घंगाळ?" त्यांचा आवाज चढला. "कोण हरलं?"

"काका," सलील हळूच म्हणाला. "म्हणजे मी. मी म्हटलं, माझं चुकलं."

"हे ते कध्धी म्हणाले नसते!" यमुनाबाईंनी काउंटरवर हात आपटला. "अरे, एवढं एकच राहिलं होतं त्यांचं. तेवढंही तू संपवून आलास?"

मिसेस पॉवेलनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शिक्का बसेपर्यंत लग्न या दोघांच्याच वापरात आहे. आणि मालकीणबाई हजर आहेत. भरून देता येत असेल तर इथेच द्या. मी थांबते."

केतकी बाजूला सरकली. यमुनाबाई तिच्या जागी, सलीलसमोर उभ्या राहिल्या आणि पदर सारखा केला.

"तुम्ही म्हणालात, तू चढ, मी घेतो."

"ते... ट्रंकेबद्दल म्हणालो," सलील म्हणाला.

"ट्रंक तर टपावर केव्हाच गेली होती!"

हे केतकीला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं ती हे भांडण भांडत होती, आणि हा मुद्दा तिच्या हातात कधीच आला नव्हता. काटा थोडा हलला.

"घंगाळाचं तू बघणार होतीस," सलील म्हणाला.

"मी? एका हातात बाळ, दुसऱ्या हातात कंदील, आणि घंगाळ मी बघू? माझ्या आईचं होतं ते. ती गेल्यावर दुसरं काय होतं माझ्याकडे तिचं?"

सलीलचा चेहरा पडला. "बरं, जाऊ दे," तो म्हणाला, आणि काटा धाडकन खाली आला.

"जाऊ दे म्हणायचं नाही!" यमुनाबाई ओरडल्या. "भांड!"

सलीलने केतकीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. मग त्याने बाईंकडे तोंड केलं आणि कमरेवर हात ठेवले. तो असा कधी उभा राहत नसे.

"मी आवाज दिला तुला," तो म्हणाला. "दोनदा दिला. म्हटलं, घंगाळ राहतंय. तू ऐकलंस का? तू खिडकीतून त्या दामलेवहिनींना हात हलवत बसली होतीस. डोळे पुसत. गाडी हलली तरी तुझं लक्ष नव्हतं. मी काय तुला तिथून ओढायला हवं होतं?"

यमुनाबाईंचा हात नकळत वर झाला.

"हो," त्या म्हणाल्या. "बसले होते हात हलवत." मग त्यांनी नाक पुसलं आणि मान ताठ केली. "पण चूक तुमचीच, अहो."

"अजिबात नाही," सलील म्हणाला.

काटा खुणेवर येऊन थांबला. मिसेस पॉवेलनी शिक्का मारला. सलीलने कमरेवरचे हात काढले आणि ते कोणाचे आहेत असं त्यांच्याकडे पाहिलं. केतकीच्या गुडघ्यातली कळ गेली. तीन वर्षांत ती कळ तिला आपलीच वाटू लागली होती.

ढकलगाडीवर लग्न चढवायला सलीलने यमुनाबाईंना मदत केली. "जड आहे, काकू. मुलीला बोलावू का?"

"असू दे. सवय आहे." त्या दारापर्यंत गेल्या. काच बंद होईपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. ट्रंक केव्हाच टपावर गेली होती, हे त्या कोणालातरी पुन्हा बजावत होत्या.

केतकी-सलीलचं लग्न एका लहानशा पाकिटातून आलं. एवढंसं होतं ते, एका हातात मावणारं. हळदीचा वास अजून होता, जागा दमट नव्हती. कार्डही मिळालं. दोघं गाडीत जाऊन बसली. तीन वर्षांनी नवऱ्याशी काय बोलावं हे केतकीला समजेना. सलीलने घसा साफ केला आणि पट्टा लावला. ती त्याच्या नाकाकडे पाहत होती. तिथे काढून ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. ती लाजली, मग तिला एकदम रडूच यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून ती पायाशी काहीतरी शोधू लागली.

"अरे, डबा कुठंय?"

"कुठला डबा?"

"आईचा. बाकावर होता. तू घेतलास ना?"

"मी? मी त्या काकूंची गाडी ढकलत होतो. डबा तू घेणार होतीस."

"तू म्हणालास, तू पाकीट घे, बाकीचं मी बघतो."

"बाकीचं म्हणजे कोट!"

"माझं नाव आहे त्यावर, सलील!"

तो तिच्याकडे वळला. ती त्याच्याकडे वळली. कचेरीचं दार समोरच दिसत होतं, कचेरी अजून चालू होती, आत जाऊन डबा आणायला काहीच वेळ लागला नसता.

सलीलने गाडी चालू केली.

"मी कोटाबद्दलच म्हणालो होतो," तो म्हणाला.

"मुळीच नाही," केतकी डोळे पुसत म्हणाली. घर येईपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही.