पंडिताचे शॉर्टकट

ऑफिसात त्याला पंडित म्हणत. माउस वापरणारी माणसं त्याला रांगणाऱ्या बाळांसारखी वाटत. आठवडाभर कामाला हात न लावता त्याने कोड लिहायच्या एडिटरमधले सगळे शॉर्टकट बदलले होते. सारं जग कंट्रोल-एफ दाबून शब्द शोधतं. याचं कंट्रोल-एफ तो शब्द असलेल्या ओळी ठेवून बाकीच्या उडवून द्यायचं.

"शोधत बसायला मी काय चष्मा हरवलेला म्हातारा आहे?" तो शेजारी बसून प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टरबाईंना सुनवायचा.

मग तो रजा टाकून सासुरवाडीला गेला आणि नेमका त्याच दिवशी ग्राहक प्रोग्राम बघायला दारात उभा राहिला. पंडिताची नवी फाइल फक्त त्याच्याच मशीनवर होती. त्याच्या वरिष्ठ मॅडम त्याच्या खुर्चीत बसल्या, कंट्रोल-एफ दाबून त्यांनी 'पत्ता' टाइप केलं. चार हजार ओळींच्या अकरा झाल्या.

केलेलं मागे घ्यायला मॅडमनी घाईघाईने कंट्रोल-झेड दाबलं. फाइल सेव्ह होऊन बंद झाली. मागे फिरायची सोय पंडिताने ठेवलीच नव्हती. मागे फिरायला चुका कराव्या लागतात, असं त्याचं मत होतं.

मॅडमनी फोन लावला. "अरे, तुझी फाइल गेली. परत कशी आणायची?"

"सोपं आहे. राखीव प्रत उघडायचा शॉर्टकट केलाय मी."

"कोणता?"

"मॅडम, तो बोटांना माहीत आहे. मला असा तोंडी नाही सांगता येत."

त्याने फोन कानाखांद्यात धरला आणि जेवणाच्या टेबलावर दहा बोटं पसरून दाबून पाहू लागला. सासरेबुवा घास हातात धरून बघत राहिले.

"जावईबापू, काही हवंय का?"

"कंट्रोल, आल्ट... नाही, करंगळी खाली," जावईबापू पुटपुटले.

इकडे टेस्टरबाईंनी माउस हातात घेतला. पंडिताचा भागच प्रोग्रामातून वगळला आणि उरलेला सुरू करून ग्राहकापुढे ठेवला. ग्राहकाने दोनदा उघडून पाहिला, दोनदा मिटला.

"या वेळी पटकन उघडतंय. मध्येच अडकतही नाही. काय केलंत?"

"थोडी सफाई केली," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पंडिताला धाप लागली होती. "मॅडम, आठवलं. मी लगेच निघतो, संध्याकाळपर्यंत पोचतो."

मॅडमनी खूश झालेल्या ग्राहकाकडे पाहिलं.

"घाई नको करूस," त्या मायेने म्हणाल्या. "हवं तर रजा वाढव."