नववा रकाना बेपत्ता

आपल्या नजरेतून आजवर एकही पूर्णविराम सुटलेला नाही, असं भिंगदादा स्वतःविषयी सांगत. समोरचा गप्प राहिला तर "अर्धविरामही नाही" अशी भर घालत. धंदा वेबसाइट दुरुस्त करण्याचा. पण दारावर पाटी होती 'वेबपानांचे गुप्तहेर', खिशात भिंग होतं आणि दोन टेबलांच्या त्या ऑफिसात एक सहायिकाही होती. तिची तीन महिन्यांची उमेदवारी आजच संपत होती.

सकाळी रक्ततपासणीच्या लॅबमधून डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुमच्या तक्त्यातला शेवटचा रकाना मोबाइलवर दिसत नाही. 'उपाशीपोटी यायचं का' हा. आज एक आजोबा रात्रीपासून उपाशी राहून आले."

"मग अडचण काय?" भिंगदादा म्हणाले.

"त्यांना रक्तगट बघायचा होता. तो जेवल्याने बदलत नाही. पाचपर्यंत तक्ता पडद्यात बसवा, नाहीतर काम दुसऱ्याला देते."

फोन ठेवून भिंगदादांनी दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. "हे गिऱ्हाईक गेलं तर ते टेबल ठेवणं जड जाईल." टेबल म्हणजे आपण, हे सहायिकेला कळलं. तक्ता तिनेच बांधला होता: नऊ रकाने, चाळीस ओळी, आणि तिच्या हिशोबाने तो सहज मावायला हवा होता.

भिंगदादांनी पडद्यावर भिंग धरलं. बराच वेळ धरलं. "तांबडे, हिरवे आणि निळे ठिपके. गुन्हेगार तीन आहेत."

"प्रत्येक पडद्यावर तेच असतात, दादा."

"म्हणजे टोळी मोठी आहे."

दुपारपर्यंत सिद्धांतांची रास पडली. आधी अक्षरं बारीक केली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघू का. मग मोबाइल आडवा धरायला सांगितला. दोन बोटं जास्त दिसलं, रकाना नाहीच. मग तपासण्यांच्या लांबलचक नावांवर संशय गेला. "इतकं लठ्ठ नाव साळसूद असूच शकत नाही," असं म्हणून भिंगदादांनी त्यातल्या तिघांची आद्याक्षरं केली. तक्ता तसूभरही हलला नाही.

सहायिका आपल्या पद्धतीने चालली होती. एकेक रकाना लपवायचा आणि रुंदी मोजायची. सातपर्यंत फरक किरकोळ होता. आठवा, 'शेरा', लपवला आणि तक्ता एकदम आक्रसला. पण शेऱ्यात तर चार-चार शब्दच होते.

"शेरा निर्दोष आहे," भिंगदादांनी निकाल दिला. "मी त्याच्या डोळ्यांत पाहिलंय."

चार वाजता लॅबचे नोंदवहीवाले काका आले. बाईंनी त्यांना मूळ वही घेऊन पाठवलं होतं. तक्त्यातली माहितीही त्यांनीच भरली होती. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते पडद्याजवळ गेले.

"ही माझी रेघ कुठवर गेलीय?"

"कुठली रेघ, काका?"

"ही. या तपासणीला शेरा नव्हता. रिकामा कप्पा ठेवत नाहीत, कुणी मागाहून काही घुसडलं तर? वहीत आडवी रेघ मारतो. इथे रेघेचं बटण दाबून धरलं. म्हटलं, कड आली की सोडू."

"मग?"

"कड येईचना. ती पुढे पुढे सरकायला लागली. फोन वाजला तेव्हा सोडलं."

सहायिकेने मोजलं: मध्ये कुठे मोकळी जागा न सोडता तीनशे बारा रेघा. असल्या सलग मजकुराची घडी पडत नाही, म्हणून कप्पा ताणला गेला आणि त्याने नववा रकाना पडद्याबाहेर ढकलला. आणि ज्या तक्त्यात सगळ्या रेघाच, त्यात ही एक जास्तीची कुणाला दिसणार? ती स्वतःही तिला चौकटीचीच समजली होती.

"पुसते," ती म्हणाली.

"नाही." काकांनी वही छातीशी धरली. "कप्पा रिकामा राहणार नाही. खाली सही माझी आहे."

पाचाला पंचवीस मिनिटं होती. वाद घालावा असं तिला क्षणभर वाटलं. पण काकांचं म्हणणं चूक कुठे होतं? लॅबमधलं कुणीही तो कप्पा भरू शकत होतं.

"काका, 'निरंक' लिहिलं तर?"

काकांनी विचार केला. "निरंक चालेल. त्यावर कुणाला काही लिहिता येत नाही."

तिने लिहिलं. तक्ता आक्रसला आणि नववा रकाना मुकाट्याने आत आला. पाचाला दहा मिनिटं असताना बाईंचा फोन आला. "दिसतोय. काम तुमच्याकडेच राहू द्या."

भिंगदादांनी भिंग रुमालाने पुसलं. "रेघ. मला सकाळपासून वास येत होता. मी प्रकरण सोडवलं म्हणून तुझं टेबल वाचलं, हे लक्षात ठेव. आजपासून तू कायम."

"तसं पत्र मिळेल, दादा?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

काका दाराशी चपला घालत होते. "लिहून घे, पोरी," ते म्हणाले. "आणि मजकूर आणि सहीमध्ये जागा सोडू देऊ नकोस."