बाभळीची फळी

आमच्या स्वयंपाकघरातली फळी मी काढून टाकली, ही माझी चूक. पुढे तुम्हाला प्रल्हादकाकांचं हसू येईल. मलाही यायचं. म्हणून हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला हसवून मी स्वतः मोकळा सुटलो असं होईल.

प्रल्हादकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या फळीला लटकतात. रामराम नंतर. दोन्ही हातांनी फळी धरायची, पाय पोटाशी घ्यायचे, डोळे मिटायचे आणि कान भिंतीकडे लावायचा. काही करकरलं नाही तर खाली उतरून म्हणायचं, "चालंल." करकरलं तर घरधन्याकडे असं बघायचं, जणू त्यानं लेकरं उपाशी ठेवलीत. भोकरदनच्या आमच्या कॉलनीत काका गल्लीच्या तोंडाशी दिसले की बायका लोणच्याच्या बरण्या खाली उतरवून ठेवतात.

नोकरी त्यांनी बांधकाम खात्यात केली, पण कारकुनाची. जन्मभर पुलांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. पूल बांधताना एकही पाहिला नाही. त्या फायलींमधून दोन गोष्टी मात्र अंगात भिनल्या. कुठलीही वस्तू दिसली की विचारायचं, "लोड किती?" आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणायचं, "दुप्पट धरा." लग्नाला माणसं किती, आमटीला तिखट किती, तहसीलमध्ये खेपा किती, सगळं दुप्पट धरा. एकदा वरातीत घोड्यावर चढणाऱ्या नवरदेवाला त्यांनी लोड विचारला. नवरदेव रागावला. घोडेवाल्याला मात्र प्रश्न पटलेला दिसला.

घरात ते एकटेच. काकू पुण्याला मुलाकडे, नातवाला सांभाळायला. "तुम्ही का नाही जात?" असं कोणी विचारलं की काका म्हणायचे, "तिकडं भिंती पोकळ हायेत," आणि विषय बदलायचे.

माझ्या बायकोला, विमलला, एक मजबूत फळी हवी होती. लग्नातली पितळी पातेली, तेलाचा डबा, मिक्सर आणि तिच्या आईनं दिलेला लोखंडी खलबत्ता, एवढं सगळं ओट्यावर दाटीनं बसलेलं असायचं. मी शाळामास्तर. बाजारातून तयार फळी आणून दोन स्क्रू मारायचा माझा बेत होता. तो मी काकांसमोर बोललो.

"लोड किती, गुरुजी?"

"असेल पन्नास किलो."

"शंभर धरा. उद्या निघू."

जुन्या जालन्यात एका दुकानदारानं आम्हाला चकचकीत फळ्या दाखवल्या. काकांनी चप्पल काढली आणि सगळ्यात खालच्या फळीवर पाय ठेवला.

"ओ काका, ती दाखवायची हाये, चढायची न्हाई."

"मंग विकायची कोणती हाये, ती दाखवा."

तिथून आम्ही फळीऐवजी लोखंडी अँगल घेऊन निघालो. वेल्डरकडून त्याचे तीन त्रिकोण करून घेतले. फळी मात्र काकांना धावडा गावच्या एका सुताराकडची हवी होती, बाभळीची. सुतारानं ती बैलगाडीसाठी राखून ठेवली होती. "स्वयंपाकघरात बैल बांधता का?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "उद्या बांधायचा झाला तर?"

ती फळी मांडीवर आडवी धरून काका माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. मागून एसटी हॉर्न वाजवत होती. काका मान वळवून ड्रायव्हरला समजावत होते, "लोड बराबर हाये, फक्त रुंदी जास्त झालीय. जरा दमानं या." भोकरदनपर्यंत ती एसटी आमच्या मागे वरातीसारखी आली.

भिंतीत भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकायची, हे काकांना मंजूर नव्हतं. "गिट्टीवर घड्याळ टांगा. खलबत्ता न्हाई." वीट फोडून अँगलची शेपटी आत सिमेंटात बसवायची ठरली. पातळी बघायला पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. एक टोक मी धरलेलं, एक काकांनी.

"गुरुजी, श्वास घेऊन राह्यले तुम्ही. पाणी हलतंय."

मी श्वास धरला. काकांनी चष्मा शोधायला वेळ लावला.

आणि इथून ते रोज यायला लागले. सिमेंटला पाणी मारायला हवं. सकाळी विमल भाकरी थापत असायची तेव्हा काका आपल्या घरचा लोटा घेऊन हजर. शिंतोडे परातीत उडायचे. "पीठ मळायला निराळं पाणी घ्यायची गरज राहिली न्हाई," विमल म्हणायची, पण त्यांच्यासाठी चहाचा कप वाढवायची. सिमेंट सुकलं. मग हळूहळू लोड द्यायचा होता. आधी रिकामा डबा, मग एक पातेलं, मग दोन. "भिंतीला सवय लागू द्या, ताई. नवी सून एकदम कामाला लावता का?" "आमच्याकडे लावली होती," विमल म्हणाली. खलबत्ता वर गेला त्या दिवशी काकांनी नारळ फोडला. तो खलबत्त्यातच ठेचून त्याची चटणी झाली.

मला वाटलं, संपलं. पण काका दुसऱ्या दिवशीही आले. फळीला लटकले, कान लावला, "चालंल" म्हणाले, चहा घेतला. तिसऱ्या दिवशीही. माझी अंघोळ, माझा पेपर, माझा डबा, या सगळ्यात एक म्हातारा माणूस स्वयंपाकघरात लोंबकळतोय. मी घड्याळाकडे बघायचो. ते फळीकडे बघायचे.

दिवाळीत माझा मेव्हणा संभाजीनगरहून आला. त्यानं सकाळी ते दृश्य बघितलं आणि फराळ करता करता मला म्हणाला, "भाऊजी, वटवाघूळ पाळलंय का घरात?" सगळे हसले. मीही हसलो. काका बैठकीतच होते. चकली मोडायचे थांबले, मग पुन्हा मोडायला लागले.

विनोद मेव्हण्याचा होता, पण लाज मला वाटली, आणि ती चुकीच्या माणसाची वाटली. काका हयातीचा दाखला द्यायला जालन्याच्या बँकेत गेले, तो दिवस मी साधला. गवंडी बोलावला. फळी निघेना. घण मारला तेव्हा फळी हलली नाही, भिंतीचा पोपडा पडला. गवंडी म्हणाला, "गुरुजी, हे काढायला न्हाई बसवलेलं." तरी संध्याकाळपर्यंत काढलं. तिथं स्टीलचं तयार रॅक आणून उभं केलं. ते जमिनीवर उभं राहतं, त्याला भिंत लागत नाही, काकाही लागत नाहीत, असा माझा हिशोब.

विमल भांडी लावत होती. एवढंच म्हणाली, "विचारायचं तरी."

सकाळी काका आले. रॅकसमोर उभे राहिले. हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"बराबर हाये," ते म्हणाले. "जमिनीवर हाये. जमीन पडत न्हाई." मग म्हणाले, "फळी कुठंय?"

"मागे. जळणात."

ती बाभळीची फळी त्यांनी एकट्यानं खांद्यावर घेतली. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. लोड जास्त न्हाई."

त्यानंतर ते आले नाहीत. मला जी शांतता हवी होती ती मिळाली, आणि मला पेपर वाचता येईना. सकाळी फाटकाची कडी वाजली की मी उठायचो. दूधवाला असायचा. विमल तिसरा कप चहा करायची आणि ओतून टाकायची, माझ्याकडे न बघता. एकदा म्हणाली, "काढली तुम्ही. जायला पण तुम्हालाच लागंल."

मी आधी शाळेची कारणं काढली, मग थंडीची. शेवटी एका रविवारी उरलेल्या शेवेचा डबा घेऊन गेलो.

काका आमच्या घरी रोज यायचे, पण मी त्यांच्या घरात आत कधी गेलोच नव्हतो. दार उघडंच होतं. भिंतींवर काही नव्हतं. फळी नाही, खुंटी नाही, खिळासुद्धा नाही. डबे भिंतीच्या कडेनं जमिनीवर ओळीत. कॅलेंडर जमिनीवर टेकवलेलं. आरसाही जमिनीवर, आणि त्याच्यासमोर मांडी घालून काका दाढी करत होते. बसायला ती बाभळीची फळी.

"काका, तुमच्याकडे एकही फळी नाही?"

"न्हाई." त्यांनी वस्तरा पुसला. "पुण्याला लावल्ती एक. पोराच्या घरी, नातवाच्या पाळण्याच्या वर. खेळणी ठेवायला. तेव्हा मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. प्लास्टिकच्या गिट्ट्या मारल्या. दुपारी पडली."

मी शेवेचा डबा खाली, त्यांच्या डब्यांच्या ओळीत ठेवला.

"पाळण्यात कोणी नव्हतं. नुकतंच तुमच्या काकूनं लेकराला उचलून नेल्तं. सून एक शब्द बोलली न्हाई, गुरुजी. बोलली असती तर राह्यलो असतो तिथं." आरशात बघतच ते म्हणाले, "तुमची फळी उभी होती ना. रोज हात लावला की वाटायचं, आपली एक तरी टिकून राह्यली. ताईंना तरास झाला असंल. तुमचा पण सकाळचा टाइम."

मी फळीवर त्यांच्या शेजारी बसलो. ती जराही करकरली नाही.

"काका, भिंतीत तुमची तिन्ही भोकं अजून तशीच आहेत," मी म्हणालो. "रॅक मी पडवीत टाकतो. तुम्ही फळी घेऊन या. सिमेंट ओलं राहील, रोज पाणी मारायला यावं लागेल. त्याच्यानंतर पण यावं लागेल."

"जाऊ द्या ना, गुरुजी. तुमचं थोडंबहुत चुकलं असंल."

"थोडंबहुत नाही, काका," मी म्हणालो. "माझं चुकलं. दुप्पट धरा."