वरच्या रांगेतलं बटण

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलेल्या काकू तिथेच वारल्या. अंत्यसंस्कारही तिकडेच उरकावे लागले. काकांच्या वाट्याला इथली शोकसभा आली आणि टेबलावर ठेवायला एक धड फोटोसुद्धा नव्हता. "मी फोटोत भूत दिसते," म्हणत काकू आयुष्यभर कॅमेऱ्यापुढे हात आडवा करत आल्या होत्या. लग्नाच्या फोटोतही त्या जमिनीकडेच बघत होत्या आणि पासपोर्टवरच्या फोटोत खरंच भूत दिसत होत्या.

काका मात्र निर्धास्त होते. रोजच्या व्हिडिओ कॉलवर काकू नातीचं कौतुक सांगत असताना ते गुपचूप कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं 'प्रिंट स्क्रीन'चं बटण दाबत. ते दाबलं की पडद्यावरचं चित्र जमा होतं, असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. कुठे जमा होतं, हे विचारायला तेव्हा हेडक्लार्क असलेल्या काकांना कमीपणा वाटला होता.

कॉम्प्युटरमधून ते फोटो काढून द्यायला आलेल्या दुरुस्तीवाल्याला एकही सापडला नाही. ते बटण चित्र नुसतं धरून ठेवतं, त्याने समजावलं. कुठे चिकटवलं नाही, तर पुढचं आलं की आधीचं जातं. काकांचा चेहरा पडला.

"शेवटचा एक असेल, काका. कॉम्प्युटर बंद केला होता का?"

नव्हता केला. त्या शेवटच्या कॉलनंतर त्याला हात लावायचा काकांना धीरच झाला नव्हता. दुरुस्तीवाल्याने घाईघाईने कोरं पान उघडलं.

"नक्की हेच बटण दाबायचात ना?"

"हे," काका म्हणाले आणि त्यांनी दाबून दाखवलं.

मग दुरुस्तीवाल्याने चिकटवलं, तेव्हा त्या कोऱ्या पानावर त्याच कोऱ्या पानाचं चित्र उमटलं. दुरुस्तीवाला पैसे न मागता निघून गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा काकांनी रडत सगळं सांगून टाकलं.

"बाबा, आईपण तेच बटण दाबायची. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं आपोआप साठतं. तुम्ही कॉलवर मध्येच मान खाली घालून काहीतरी शोधायचात ना, नेमकं तेव्हाच."

तिने सगळी चित्रं पाठवली. प्रत्येकात पडदाभर काकांचं टक्कल होतं, कीबोर्डवर वाकलेलं. आणि खालच्या कोपऱ्यात, कॉल करणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो त्या इवल्याशा चौकटीत, काकू होत्या. हात आडवा न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या.

शोकसभेत तोच कोपरा मोठा करून ठेवला होता. जरा धूसर आला होता.

"किती हसतायत हो," शेजारीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "काय बघत होत्या?"

काकांनी मान खाली घातली. उत्तर शेजारीणबाईंच्या समोरच चकाकत होतं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही.