दत्ताजीरावांच्या गालातील बंदोबस्त

रोज दिसणाऱ्या माणसाला कोणताही पहारेकरी फार दिवस अडवत नाही. शरीराचा कारभारही असाच चालतो.

शरीराच्या बंदोबस्ताला रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेमलेल्या असतात. (रजा नाही, संपाचा हक्क नाही.) बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे माझे मेहुणे दत्ताजीराव यांच्या डाव्या गालात त्या १९९१ पासून जादा कामावर होत्या. त्या साली देशाची दारे उघडली आणि दत्ताजीरावांचे तोंड मिटायला लागले. पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. दिवसाला बारा पुड्या, प्रत्येकी वीस मिनिटे, एकूण चार तास. त्यांच्या कचेरीत इतका वेळ कोणीच एका जागी बसत नसे.

माझी मुलगी अवनी दातांची डॉक्टर होत होती. तिने कामकाज समजावले. पुडी आली की पेशी धावतात, गालाची आग होते. पुडी पुन्हा येते, पेशी पुन्हा धावतात. काही वर्षांनी त्या गवंडी बोलावतात आणि गवंडी गालाच्या आत जाड पट्टे बांधतात (निविदा न काढता). तोंड आखडते. पुढे काही पेशी दमतात. काही तर बिघडलेल्या पेशींनाच पाठीशी घालतात आणि लढणाऱ्यांना म्हणतात, "चालशे." म्हणजे चालेल. बडोद्यात हा शब्द उच्चारला की कोणतीही चौकशी संपते.

"मामा, आ करा."

"केलाय की."

"एवढाच?"

"पाणीपुरी फोडून जाते अजून."

"आणि हा पांढरा डाग?"

"चुना असेल."

"चुना पुसला जातो, मामा. बुधवारी या, तुकडा काढून तपासू. अजून कॅन्सर नाही. होऊ नये म्हणून तर बोलावतेय."

घरातही बंदोबस्त चोख होता. एक्क्याण्णव साली अहल्यावहिनी नवऱ्यापुढे रडल्या होत्या. त्र्याण्णव साली त्यांनी पुड्या लपवल्या. पंचाण्णवपासून कपडे धुण्यापूर्वी त्या खिशातल्या पुड्या काढून टीव्हीवर नीट रचून ठेवू लागल्या. मी तर दत्ताजीरावांशी सहा महिने अबोला धरला. नंतर त्यांच्याकडे जाताना माळ घेऊन जाऊ लागलो. (गल्ला वाटेतच होता.)

बुधवारी त्यांच्या मुलीचा, मुग्धाचा साखरपुडा होता.

"व्याह्यांसमोर गालात कापूस कोंबून बसणार का हे?" वहिनी म्हणाल्या.

बुधवार बहुमताने रद्द झाला. विरोधात एक मत.

"बाबा, तुम्ही तरी बोला ना!" अवनी म्हणाली.

मी बोललो. "चालशे, बेटा. आठवड्याने काय बिघडतंय?"

साखरपुडा थाटात झाला. दारात अत्तर, गुलाबपाणी आणि चांदीच्या तबकात पुड्या. जावयाने सासऱ्यांना पेढा भरवला, त्याचे चार तुकडे करावे लागले. सगळे खूप हसले. मग लग्न आले, मग अधिक महिना, मग पितृपक्ष.

तपासणी चौदा महिन्यांनी झाली. अहवाल वाचताना अवनीने 'अजून' हा शब्द वापरला नाही.

तुमच्या घरी असे नसते, हे मी जाणतो. तुमच्याकडचे जेवणानंतर फक्त एकच पुडी खातात. त्यावरून तुम्ही त्यांना शेवटचे रागावलात, ते कोणत्या साली?